मगो नेमका कुठे हरला?

दर १६ जानेवारीला गोव्यात दोन भाषणं ठरलेली असतात. पहिलं व्यासपीठावर होतं: १९६७ साली आजच्या दिवशी गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला आणि गोवा वाचला. दुसरं हल्ली व्यासपीठावर होत नाही, देवळाच्या पायरीवर किंवा तिठ्यावरच्या हॉटेलात होतं: भाऊंना त्या दिवशी दगा झाला, नाहीतर... या 'नाहीतर'च्या पुढचं वाक्य मी आजवर कुणाच्या तोंडून पुरं झालेलं ऐकलेलं नाही. मी दुसऱ्या भाषणाच्या घरात वाढलोय. डिचोली तालुक्यातलं आमचं घर, बाहेरच्या खोलीत गणपती, दत्त आणि भाऊसाहेब बांदोडकर अशा तीन तसबिरी एका रांगेत. पहिल्या दोघांना हार रोज, भाऊंना वर्षातून एकदा, एवढाच काय तो फरक.

तरीही मला वाटतं की दोन्ही भाषणं चुकीची तारीख धरून बसली आहेत. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, म्हणजेच भाऊ, यांच्या राजकारणाचा हिशेब १६ जानेवारीवर मांडला की भाऊ हरलेले दिसतात आणि विलीनीकरणाला विरोध करणारे जॅक सिक्वेरा जिंकलेले. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे आमच्या तोंडचा मगो, खरा हरला ती जागा वेगळी आहे. ती बऱ्याच वर्षांनी आली, आणि तिथे त्याला हरवायला विरोधक लागलेच नाहीत.

आधी आकडे बघू, कारण या विषयावर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते पाहिलेले नसतात. जनमत कौलाच्या चिठ्ठीवर कुणा माणसाचं नाव नव्हतं. विलीनीकरण हवं असेल तर फूल, संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित प्रदेश, राहायचं असेल तर दोन पानं. ८० टक्क्यांहून जास्त मतदान झालं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. ज्या एका मागणीसाठी पक्ष काढला, जी मागणी पक्षाच्या नावातच आहे, ती लोकांनी अशी उघड्यावर नाकारली. असा पक्ष दुसऱ्या दिवशी गुंडाळायला हवा होता. पण मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि मगोला पुन्हा बहुमत मिळालं, दमण-दीवच्या दोन जागा धरून ३० पैकी १६. भाऊ पुन्हा मुख्यमंत्री. त्यापुढच्या, १९७२ च्या निवडणुकीत जागा वाढून १८ झाल्या.

जानेवारीत 'नको' म्हणणाऱ्या गोव्याने मार्चमध्ये 'तुम्हीच हवे' म्हटलं. यातली एक गोष्ट चटकन कळते. कौलात सगळ्या गोव्याची मतं एकत्र मोजली होती, विधानसभेत मतदारसंघ वेगवेगळे असतात. दक्षिण गोव्यातल्या ख्रिस्तीबहुल सासष्टीतल्या प्रचंड मताधिक्याचा विधानसभेत फारसा उपयोग नाही. ते खरंच. पण एवढ्याने भागत नाही. हरलेल्या मागणीचा पुढारी दोन महिन्यांत तेवढ्याच जोमाने परत येतो, तेव्हा लोकांनी त्याच्यात मागणीपलीकडचं काहीतरी पाहिलेलं असतं. ते काय, हे मला आमच्या घराच्या मागच्या भिंतीवरून सांगता येईल.

माझी आजी मुंडकार. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी: भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारा तो मुंडकार. घर त्याचं, घराखालची जमीन भाटकाराची. त्या बदल्यात भाटाची राखण करायची, नारळ उतरवायच्या वेळी हजर राहायचं, बोलावतील तेव्हा कामाला जायचं. घराच्या भिंती मातीच्या, वर चुडतांचं छप्पर. आजोबांनी एकदा चार पैसे साठवून चिरे आणले, मागची भिंत तरी पक्की करावी म्हणून. भाटकाराने परवानगी दिली नाही. चिऱ्याची भिंत उभी राहिली की उद्या माणूस हक्क सांगणार, हे त्याला कळत होतं. विचारायला गेलेले आजोबा पायरीच्या खाली, वहाणा काढून, उन्हात उभे होते. भाटकार वर बसून सुपारी कातरत होता. हे आजी सांगायची तेव्हा तिला राग यायचा तो नकाराचा नव्हे, सुपारीचा. चिरे परसात रचून ठेवले. त्यांच्यावर शेवाळ चढलं, त्यांच्या फटीत सापाने घर केलं, बाबा त्यांच्यावर चढून आंबे काढत मोठे झाले. ती भिंत बांधली गेली १९७५ चा मुंडकार कायदा आल्यावर.

या माणसांना विलीनीकरण म्हणजे काय वाटत असेल? माझ्या आजीने मुंबई कधी पाहिली नव्हती. महाराष्ट्राचा नकाशा तिला ओळखता आला नसता. पोर्तुगीज १९ डिसेंबर १९६१ ला गेले, पण भाटकार कुठेही गेला नाही. तो सारस्वत असो की किरिस्तांव, त्याची पायरी तिथेच होती. आणि पोर्तुगिजांच्या जागी आता हाच वर्ग पणजीत राज्य करणार, ही भीती बहुजन समाजाला होती. ती उगीच नव्हती. पलीकडे महाराष्ट्रात कूळकायदा झाला होता, बहुजनांच्या हाती सत्ता आली होती. मोठ्या राज्यात गेलो तर इथल्या पायरीची उंची आपोआप कमी होईल, असा तो साधा व्यवहार होता. विलीनीकरण ही शिडी होती. तिच्यावरून कुठे चढायचं ते ठरलेलं होतं.

आणि शिडी धरायला उभा राहिलेला माणूसही त्याच खालच्या पायरीवरून आलेला. बांदोडकर पेडण्याचे, जन्म १९११ चा. पैसा खाणींतून मिळवलेला, पण जन्म गोमंतक मराठा समाजातला, देवळांच्या सेवेशी पिढ्यान्पिढ्या बांधलेल्या घरांनी एकत्र येऊन हे नाव घेतलं होतं. ज्या देवळांच्या गाभाऱ्यात यांना शिरता येत नव्हतं त्या देवळांचे महाजन मुख्यमंत्री झालेल्या या माणसापुढे उभे राहणार होते. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत गोव्यातल्या २८ जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नाही. मुक्ती मिळून जेमतेम दोन वर्षं झाली होती. मगोने मित्रपक्षासह १६ जागा घेतल्या, सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्सने १२. गंमत म्हणजे खुद्द भाऊ त्या निवडणुकीत उभेच नव्हते. आधी मुख्यमंत्री झाले आणि मग मडकईच्या पोटनिवडणुकीतून सभागृहात आले. मडकईचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या पहिल्या सरकारने काय केलं? १९६४ चा कूळकायदा आणला. त्यामुळे जमीन लगेच कुळाची झाली नाही, पण भाटकाराला वाटेल तेव्हा कुळाला उठवता येईना, खंडाला मर्यादा आली. शेतात राबणाऱ्याच्या दृष्टीने 'उठ' म्हणायचा हक्क कुणाकडे आहे हाच खरा प्रश्न असतो. आणि शाळा. पोर्तुगीज अमदानीत सरकारी शाळा म्हणजे पोर्तुगीजची शाळा. मराठी शिकायचं तर देवळात, कुणाच्या तरी पडवीत, खाजगी मास्तरांकडे. भाऊंच्या सरकारने वाड्यावाड्यावर सरकारी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. इमारती नव्हत्या, तर देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, वर्ग भरले. आमच्या गावात तसाच भरला. बाबा अकरा वर्षांचे आणि त्यांची बहीण सहाची, दोघं एकाच दिवशी एकाच पहिलीत बसली. बाबांना पाटीवर 'ग' काढता येईना आणि धाकट्या बहिणीला आला, हा त्यांच्या आयुष्यातला पहिला मोठा अपमान, असं ते हसत सांगतात. १९६१ च्या जनगणनेत साक्षर सुमारे ३१ टक्के होते, १९७१ ला ४५ टक्क्यांच्या आसपास गेले. त्या मधल्या टक्क्यांत एक माझे बाबा.

आता माझं म्हणणं सांगतो. कौलाच्या दिवसापर्यंत शिडीची गरज अर्धी कमी झाली होती, आणि ती भाऊंनीच कमी केली होती. तीन वर्षं पणजीत बहुजनांचं सरकार होतं. मंत्रालयात गेलं तर आपल्यासारखं बोलणारा माणूस भेटत होता. मुख्यमंत्री रस्त्यात गाडी थांबवून चौकशी करत होता. जे मिळवायला महाराष्ट्रात जायचं होतं, ते इथेच, आपल्या हाताने, आपल्या छोट्या विधानसभेत मिळू लागलं होतं. मग विलीन होऊन मिळणार काय? एवढ्या मोठ्या विधानसभेत मूठभर आमदार आणि जिल्ह्याचं एक कलेक्टर ऑफिस. विरोधक हाच मुद्दा प्रचारात मांडत होते. तो पटावा इतकं चांगलं सरकार भाऊंनी चालवून दाखवलं होतं.

यावर एक आक्षेप आहे आणि तो बळकट आहे. पेडणे, सत्तरी, डिचोली, फोंडा या मगोच्या घरच्या तालुक्यांनी फुलालाच भरभरून मतं दिली. माझ्या आजीनेही फुलावरच शिक्का मारला. मग तुझं म्हणणं टिकतं कुठे? उत्तर दोन भागांत देतो. तेव्हाच्या गोव्यात हिंदू साठ टक्क्यांहून जास्त होते आणि फुलाला मिळाली वैध मतांपैकी ४४ ते ४५ टक्के. म्हणजे ख्रिस्ती समाज सगळा दोन पानांकडे गेला असं धरलं, तरी हिंदूंचा बराच मोठा हिस्सा तिकडे गेल्याशिवाय हा निकाल लागत नाही. साधारण सतरा हजार माणसांनी इकडचं तिकडे केलं असतं तर पारडं फिरलं असतं. ही माणसं कोण? त्यात कोकणीवाले होते, विलीनीकरणाविरुद्ध लिहिणारं मडगावचं 'राष्ट्रमत' रोज वाचणारे होते, त्यातलं उदय भेंब्रे यांचं सदर तोंडपाठ असलेले होते. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करून वैतागलेले कारकून होते, नोकरीची वाट बघणारी पोरं होती. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती, त्यामुळे सूर काढायला माडावर चढणारा रेंदेर आणि दारूचं दुकान चालवणारा ताव्हेर्नवाला, दोघांच्याही पोटावर पाय येणार होता. यातल्या अनेकांना भाऊंशी काहीच भांडण नव्हतं. त्यांना भाऊ पणजीत हवे होते, मुंबईच्या विधानसभेतल्या मागच्या बाकावर नव्हे.

दुसरा भाग फुलाला मत दिलेल्यांचा. एखाद्या गोष्टीवर खरोखर जीव असेल आणि ती हातची गेली, तर माणसं काय करतात हे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात दिसलं होतं. मुंबईसाठी १०५ जण हुतात्मे झाले. गोव्यात फुलाचा पराभव झाल्यावर माझ्या गावातली माणसं दोन दिवस गप्प राहिली आणि तिसऱ्या दिवशी वायंगणाच्या शेतावर गेली. मार्चमध्ये त्यांनी सिंहावर शिक्का मारला. शिडी मोडली, पण चढणं थांबलं नव्हतं.

भाऊंचं मोठेपण मला इथे दिसतं. कौल निःपक्ष व्हावा म्हणून त्यांच्या सरकारने आधीच, डिसेंबर १९६६ मध्ये, राजीनामा दिला होता. हरल्यावर त्यांनी रडगाणं गायलं नाही, लोक फसले असं म्हटलं नाही. ज्या गोव्याचं वेगळं अस्तित्व त्यांना नको होतं, त्याच गोव्याचा कारभार ते पुढे सहा वर्षं मन लावून बघत राहिले. आपल्या मागणीला लोकांनी नाही म्हटलं तरी लोक आपलेच राहतात, हे कळणारे पुढारी मी फार पाहिलेले नाहीत.

महाराष्ट्रातले काही मित्र अजूनही कळवळून म्हणतात, 'गोवा तेव्हा आपल्यात आला असता तर!' त्यांना मी तेरेखोल ओलांडून सावंतवाडी-दोडामार्गकडे बघायला सांगतो. तीच माती, तेच चिरे, जवळपास तीच बोली. तिथला आजारी माणूस गंभीर झाला की ॲम्ब्युलन्स मुंबईकडे जात नाही, बांबोळीच्या आमच्या गोवा मेडिकल कॉलेजकडे येते. तिथली पोरं रोज सकाळी मोटारसायकलवरून आमच्या कारखान्यांत आणि हॉटेलांत कामाला येतात. २०१८ साली गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना बांबोळीत शुल्क लावलं तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलन उभं राहिलं, ते का याचा विचार मुंबईतल्या लोकांनी जास्त करायला हवा. मी हे हिणवायला सांगत नाही; माझी आत्या तिकडेच दिलेली आहे. पण छोटं राज्य हाताशी असण्याचा फायदा काय असतो याचा पुरावा त्या ॲम्ब्युलन्समध्ये निजलेला असतो.

भाऊंची आरती इथवर पुरे. तसबिरीतल्या माणसाला प्रश्न विचारायचे नसतात, असा आमच्याकडे संकेत आहे, आणि त्यानेच नुकसान केलं.

पहिला प्रश्न खाणींचा. भाऊ स्वतः खाणमालक. त्यांच्या सरकारने भाटकाराच्या शेताला हात घातला, खाणमालकाच्या डोंगराला घातला नाही. शेतजमीन कसणाऱ्याची, मग डोंगर कुणाचा? हा प्रश्न त्या सभागृहात कधी पोटतिडकीने विचारला गेला नाही. पोर्तुगिजांनी दिलेल्या खाणींच्या सवलती पुढे तशाच चालत राहिल्या. परिणाम आम्ही डिचोलीकरांनी भोगला. कुळाला शेत मिळालं, आणि वरच्या डोंगरावरची खाणीची माती पावसाळ्यात त्याच शेतात उतरली. आमच्या वाड्यावरच्या दोन शेतांत मी लहानपणी गुडघाभर तांबडा चिखल पाहिलाय. भात रोवायला घेतलं तर रोप उभं राहायचं नाही, झोपायचं. २०१२ साली बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर खाणी थांबल्या, २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. हे काम पन्नास वर्षं आधी बहुजनांच्या सरकारने करायचं होतं, ते न्यायालयाला करावं लागलं.

दुसरा प्रश्न भाषेचा. आमच्या घरात देवाशी मराठी आणि म्हशीशी कोकणी, असा व्यवहार. दोन्ही आमच्याच. मगोने मात्र कोकणी ही मराठीची बोली, असं धरून चालायचं ठरवलं आणि घरातल्याच एका भाषेला परकं केलं. मराठी ही बहुजनांची शाळेची, पोथीची, नाटकाची भाषा होती, भाटकाराच्या दारातून बाहेर काढणारी भाषा होती, हे मला पूर्ण मान्य आहे. माझे बाबा तिच्यामुळेच वाचायला शिकले. पण त्यासाठी कोकणीला खाली बसवायची गरज नव्हती. त्या अट्टाहासाने १९८५-८६ च्या भाषिक आंदोलनात गोवा पेटला, माणसं मेली, आणि १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा होऊन मराठीला शासकीय वापराची मुभा तेवढी राहिली.

तिसरी गोष्ट पक्षाची. तो पक्ष होता की भाऊ होते? १९७० साली त्यांच्याच काही आमदारांनी बंड केलं आणि भाऊंना सरकार टिकवायला विरोधी बाकांवरून हात घ्यावा लागला. मतभेद झाल्यावर बसून बोलायची जागाच पक्षात नव्हती, असा माझा तरी त्यातून निष्कर्ष. १२ ऑगस्ट १९७३ ला मुख्यमंत्रीपदावर असतानाच भाऊ गेले आणि त्यांची कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. घराणेशाही म्हणून नाक मुरडणं सोपं आहे. पण ताईंनी बापाचं अर्धवट काम हातात घेतलं हे नाकारता येत नाही: १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची कूळकायद्याची पाचवी दुरुस्ती, जिने कसणाऱ्याला मालक मानलं, दोन्ही त्यांच्या काळातली. माझ्या मते मगोचा सगळ्यात मोठा दिवस १९६३ चा नाही, तो १९७६ चा. आमची चिऱ्याची भिंत त्याआधीच्या मुंडकार कायद्यातून आली.

आणि तिथेच पक्ष संपायला लागला. एप्रिल १९७९ मध्ये पक्षातलेच तीन आमदार फुटले आणि सरकार कोसळलं. १९८० ला जागा उरल्या ७. लोक भाऊंना विसरले म्हणून असं झालं, असं मला वाटत नाही. कायदा झाला, पुढे अंमलबजावणी करायची होती. नोंदी करायच्या, मामलतदाराकडे कुळाच्या बाजूने उभं राहायचं, अर्ज लिहून द्यायचे, तारखांना जायचं. हे काम कंटाळवाणं असतं, त्यात भाषण नसतं. ते करणारे कार्यकर्ते मगोने तयार केले नाहीत. पक्षाने त्याऐवजी झेंडा धरला. विलीनीकरणाचा प्रश्न १९६७ ला मिटला होता, पण नाव महाराष्ट्रवादीच राहिलं. मग त्या नावाला काहीतरी अर्थ हवा म्हणून मराठीचा वाद, आणि मराठीचा वाद पुरेना तेव्हा हळूहळू हिंदुत्वाशी जवळीक. १९८९ ला ४० पैकी १८ जागा मिळवून पक्षाने पुन्हा डोकं वर काढलं होतं, पण पुढच्या दोन वर्षांत फाटाफुटीत ते सगळं गेलं. १९९४ ला भाजपशी युती झाली तेव्हा मगोला १२ जागा होत्या, भाजपला ४. १९९९ ला भाजपला १० आणि मगोला ४. २००२ ला भाजप १७, मगो २. एखाद्याने पाहुणा म्हणून घरात घ्यावं आणि तिसऱ्या चतुर्थीला त्यानेच घरमालकाला जेवायला वाढावं, तसं झालं.

शशिकलाताईंबद्दल एक गोष्ट राहिली. १९९० साली त्या शिक्षणमंत्री असताना सरकारने ठरवलं की प्राथमिक शिक्षणाचं अनुदान मातृभाषेतल्या शाळांनाच. २०११ ला काँग्रेस सरकारने ते इंग्रजी शाळांना खुलं केलं, भाजप सरकारनेही पुढे ते मागे घेतलं नाही. तेव्हा उतारवयातल्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या झेंड्याखाली रस्त्यावर आल्या, आणि त्यांच्या शेजारी त्याच व्यासपीठावर उदय भेंब्रे होते, 'राष्ट्रमत'मधून विलीनीकरणाविरुद्ध लिहिणारे भेंब्रे. मराठी आणि कोकणी एकाच बाजूला, समोर इंग्रजी. चाळीस-पंचेचाळीस वर्षं उशिरा का होईना, घरातलं भांडण घरात मिटलं. पण तोवर आमच्या अग्रशाळेतून निघून स्वतःच्या इमारतीत गेलेल्या मराठी शाळेत चौथीला तीन मुलं उरली होती. आता ती शाळा बंद आहे. बाबांच्या 'ग'वाल्या वर्गाची पुढची पिढी, म्हणजे मी सोडून माझी भाचरंडं, इंग्रजीतच शिकली. त्यांच्या आईबापांना दोष देण्याचं धाडस माझ्यात नाही.

आता मडकई. भाऊ ज्या मतदारसंघातून सभागृहात आले तो आज सुदिन ढवळीकरांकडे आहे, १९९९ पासून. त्यांचे भाऊ पक्षाचे अध्यक्ष. माणूस कामाचा, मतदारसंघ बांधून ठेवलेला, सरकार कुणाचंही असो बहुधा मंत्री. मार्च २०१९ मध्ये मनोहर पर्रीकर गेले आणि दहाच दिवसांत, मध्यरात्रीनंतर, मगोच्या तीनपैकी दोन आमदारांनी पक्षच भाजपमध्ये विलीन केल्याचं पत्र दिलं. ढवळीकरांचं उपमुख्यमंत्रीपद गेलं. विलीनीकरण! ज्या शब्दासाठी पक्ष जन्मला तो शब्द शेवटी असा खरा झाला, जनमत कौलाशिवाय, दोन सह्यांवर. २०२२ ला मगो तृणमूलशी युती करून लढला, दोन जागा जिंकला आणि निकालानंतर भाजपला पाठिंबा देऊन सत्तेत बसला. मडकई आणि मांद्रे, एक भाऊंचा मतदारसंघ आणि दुसरा भाऊंच्या पेडणे तालुक्यातला. नकाशावर पाहिलं तर पक्ष जिथून निघाला तिथेच परत येऊन बसलाय.

पण माझ्या लेखी हे २०१९ चं दुय्यम आहे. आमदार फुटणं गोव्यात पावसासारखं आहे, त्याची बातमी होते पण आश्चर्य नाही. खरी हार २०१४ ची. त्या साली पर्रीकर सरकारने कूळकायद्यात दुरुस्ती केली: कुळांचे खटले मामलतदाराकडून काढून दिवाणी न्यायालयात, आणि दावा करायला मुदत. जो माणूस मामलतदाराच्या टेबलापुढे स्वतः उभा राहून बोलू शकत होता, त्याला तेव्हा वकील लागणार होता, कोर्ट फी लागणार होती, आणि मुदत चुकली तर हक्कच जाणार होता. गावोगाव बैठका झाल्या, मोर्चे निघाले, कुळांच्या संघटना रस्त्यावर आल्या. मगो तेव्हा कुठे होता? सरकारात. १९६४ चा कायदा ज्या पक्षाचा, त्याच कायद्याचा कणा मोडणारी दुरुस्ती होत असताना त्या पक्षाचे मंत्री सत्तेच्या बाकावर बसून होते आणि सरकारातून बाहेर पडले नाहीत. त्या दिवशी मगो हरला. सिक्वेरांनी नाही हरवलं, भाजपनेही नाही.

विधानसभेच्या आवारात भाऊंचा पुतळा आहे. सिक्वेरांचाही हवा अशी मागणी अधूनमधून उठते आणि दर वेळी वाद होतो. बसवावा बापडा, माझी हरकत नाही. लोकांनी दोघांनाही निवडलं होतं, एकाला जानेवारीत, दुसऱ्याला मार्चमध्ये. पणजीत मांडवीच्या काठाने जातो त्या रस्त्यालाही भाऊंचं नाव आहे. तिथे संध्याकाळी कॅसिनोच्या होड्यांसाठी रांगा लागतात आणि दयानंद बांदोडकर मार्ग ही पाटी त्या दिव्यांच्या झगमगाटात दिसतही नाही.

आमच्या काकाची कुळाची केस अजून चालू आहे. शेत आजोबांनी कसलेलं, नोंद अर्धवट, भाटकाराची नातवंडं परदेशात, त्यांचा वकील दर तारखेला नवा कागद आणतो. काका चौऱ्याहत्तरचा. फाईल त्याने प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कापडाच्या पिशवीत ठेवलीय, आणि ती कापडाची पिशवी बाहेरच्या खोलीत तिसऱ्या तसबिरीखालच्या खिळ्याला टांगलेली असते. मागच्या आठवड्यात मी त्याला घेऊन गेलो होतो. अधिकारी रजेवर होते. शिपायाने भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवून पुढची तारीख दाखवली, ती काकाने माझ्या पेनाने पिशवीवरच लिहून घेतली.